तराईचं गवत आणि फिनची सुगरण

काटेसावरीच्या अगदी शेंड्याला सुगरणीची घरटी असू शकतात, हे तराईत शिकायला जाईपर्यंत मी ऐकलंही नव्हतं. मी अलिबाग तालुक्यातला. आमच्याकडे सुगरणीचे खोपे विहिरीवर झुकलेल्या बाभळीला नाहीतर शिंदीच्या झावळ्यांना लोंबतात. खाली पाणी, भोवती काटे आणि वाऱ्यावर झुलणारी लांब नळी. 1975 च्या सुमारास पंतनगरच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिरोगशास्त्र शिकायला गेलो. तिथं प्रयोगशेतावर कामाला येणारे, तराईतल्या बुक्सा जमातीचे एक वयस्क गृहस्थ बांधावरच्या एकट्या सावरीकडे हात करून सांगायचे, की पूर्वी पावसाळ्यात हिचा सगळा शेंडा पिवळा दिसायचा आणि तो पाखरांनी. ते पाखरू म्हणजे फिनची सुगरण. निवृत्तीनंतर या पक्ष्याविषयी मिळेल ते मी वाचत गेलो. वाचता वाचता ध्यानात आलं, की त्याचा इतिहास आणि मी ज्या विद्यापीठात शिकलो त्याचा इतिहास एकाच जमिनीवर घडलेला आहे.

आपल्या सुगरणीहून ही थोडी थोराड, 17 सेंटिमीटरच्या आसपास. चोच जाड. विणीच्या हंगामात नराचं डोकं, गळा, छाती, पोट सगळं पिवळंजर्द होतं, कानाजवळ तेवढा गडद डाग राहतो. हिवाळ्यात हा रंग उतरतो. मग नर आणि मादी दोघंही मातकट दिसू लागतात, इतर सुगरणींच्या थव्यांत मिसळतात, आणि भल्याभल्या पक्षीनिरीक्षकांना वेगळी काढता येत नाहीत. पिवळा रंग आणि घरटी दिसतात ती साधारण मे ते सप्टेंबर. या पक्ष्याच्या नशिबात जे काही आलं, त्यातलं बरंचसं या महिन्यांच्या हिशेबातून आलं, असं माझं मत झालं आहे.

त्यासाठी आधी तराई समजून घ्यायला हवी. हिमालयातून उतरलेल्या नद्या डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा थर टाकतात. तो भाबर. भाबरात पाणी वर थांबत नाही, गोट्यांमधून खाली मुरतं आणि दक्षिणेकडे काही मैल जमिनीखालून वाहतं. जिथं गोटे संपून बारीक गाळ लागतो, तिथं हे मुरलेलं पाणी पुन्हा वर येतं. तो ओला पट्टा म्हणजे तराई. आमच्या वेळी तिथं असे पाताळझरे होते की जमिनीत पाइप घातला की पंपाशिवाय रात्रंदिवस पाणी वाहायचं. कोकणातून गेलेल्या मला पाण्याचं अप्रूप नव्हतं, पण भर उन्हाळ्यात आपोआप वर येणारं पाणी मी पहिल्यांदा तिथंच पाहिलं. माणसाची वस्ती विरळ होती तेव्हा या पाण्यावर देवनळ, पाणकणीस, मुंज, कास असं गवत वाढे, हत्तीवर बसलेला माणूस दिसेनासा व्हावा इतकं उंच. त्यात मधूनच एखादी सावर, एखादा शिसव. फिनच्या सुगरणीला हेच लागतं. विणायला आणि चरायला ओलं गवत, आणि घरट्यासाठी गवताच्या मधोमध उभं असलेलं सुटं उंच झाड. काही वेळा ती थेट पाण्यातल्या पाणकणसातही घरटी बांधते.

आणि इथं मलेरिया होता. कुमाऊंचे डोंगरी लोक थंडीत गुरं घेऊन भाबरात उतरत आणि उन्हं तापायच्या आत वर परतत. ब्रिटिश अधिकाऱ्यांचं वेळापत्रकही तेच: थंडीत शिकार, दौरे, वसुली, एप्रिल आला की नैनितालला. पावसाळ्यात तराईत टिकून राहत ते थारू आणि बुक्सा. कित्येक पिढ्या त्या तापाशी झुंजून त्यांच्या रक्तातच त्याचा प्रतिकार आला आहे, हे थारूंच्या बाबतीत पुढं वैज्ञानिक तपासणीतून दिसून आलं. म्हणजे ज्या महिन्यांत हा पक्षी ओळखू येतो, नेमक्या त्याच महिन्यांत त्याची नोंद करू शकणारा कोणीही तराईत पाय ठेवत नव्हता. जे तिथं राहत होते, त्यांना तो ठाऊक होता. पण त्यांना विचारतो कोण?

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम म्हटलं की आपल्याला 1885 सालचं, मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आठवतं. पक्ष्यांच्या अभ्यासकांना हाच माणूस दुसऱ्या कारणासाठी वंदनीय आहे. भारतातल्या पक्ष्यांचा त्याने केलेला संग्रह ऐंशी हजार नमुन्यांच्या वर गेला होता. नैनितालच्या पायथ्याशी कालाढुंगी नावाचं गाव आहे, पुढं जिम कॉर्बेटमुळे नावारूपाला आलेलं. तिथं मिळालेल्या नमुन्यांवरून ह्यूमने 1869 साली या सुगरणीचं वर्णन छापलं आणि तिला मोठ्या चोचीवरून ‘मेगारिन्कस’ हे नाव दिलं. त्यानंतर पक्षी जणू नाहीसा झाला. शतक संपत आलं तेव्हा कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम करणाऱ्या फ्रँक फिनला तो कलकत्त्याच्या परिसरात पुन्हा गवसला, आणि 1925 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ स्टुअर्ट बेकरने त्याला फिनचं नाव जोडलं. कालाढुंगी आणि कलकत्ता ही दोन टोकं. मधल्या आणि त्याच्याही पलीकडच्या आसामपर्यंतच्या ओल्या गवताळ पट्ट्यात तो किती होता, कुठं होता, याची नोंद जवळजवळ नाही. तो दुर्मीळ होता म्हणून दिसला नाही, की पावसाळ्यात पाहायला कोणी नव्हतं म्हणून, हे त्या काळच्या कागदांवरून ठरवता येणार नाही. मला दुसरं कारण मोठं वाटतं.

पुढचा धागा आमच्या तालुक्यातून जातो. 1930 साली सालिम अली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परत आले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्या माहेरच्या लोकांचं किहीमला समुद्राकाठी छोटंसं घर होतं, तिथं दोघं राहायला आली. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सालिम अलींनी घरट्यांच्या उंचीवर बसण्याची आडोशाची जागा करून घेतली आणि तो हंगाम दिवसच्या दिवस त्या पाखरांकडे पाहण्यात घालवला. नर एकामागून एक अर्धवट खोपे विणतो, माद्या येऊन आत शिरून पारखतात, एखादीला पसंत पडला की तो खोपा पुरा होतो, आणि तिचा संसार मार्गी लागला की नर पुढच्या खोप्याला लागतो, हे सगळं त्यांनी नीट टिपून 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. सुगरणीच्या संसाराचा एवढा बारकाईने अभ्यास त्याआधी झालेला नव्हता. किहीमच्या लोकांना आजही त्या लेखाचा अभिमान वाटायला हरकत नाही.

सुगरणीची गोडी लागलेला हा माणूस ह्यूमच्या हरवलेल्या सुगरणीकडे वळला नसता तरच नवल. तिशीच्या दशकात सालिम अली डेहराडूनला राहायला गेले आणि कुमाऊंची तराई हाकेच्या अंतरावर आली. 1935 च्या जर्नलमध्ये त्यांचा एक लेख आहे. मुख्यतः फिनच्या सुगरणीच्या पाठलागावर, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक. पण कुमाऊंच्या तराईत ही सुगरण पुन्हा सापडल्याची आणि तिच्या वसाहतींचा सविस्तर अभ्यास झाल्याची नोंद यायला 1959 साल उजाडलं. तो लेख सालिम अली आणि इंग्रज संशोधक जॉन क्रूक या दोघांचा.

1935 आणि 1959 च्या मध्ये तराईत काय घडलं, ते पक्ष्यांच्या पुस्तकांत फारसं येत नाही. ते शेतीच्या पुस्तकांत येतं, आणि मी ती पुस्तकं परीक्षेसाठी पाठ केलेली आहेत.

फाळणीनंतर पंजाबातून लाखो माणसं उघड्यावर आली होती. धान्याची टंचाई होती. गोविंद वल्लभ पंत हे उत्तर प्रदेशचे, तेव्हाच्या संयुक्त प्रांताचे, मुख्यमंत्री आणि स्वतः कुमाऊंचे. तराईचा ‘रिकामा’ पट्टा वसवायचा असं ठरलं. केंद्राच्या ट्रॅक्टर संघटनेची अवजड यंत्रं आली, गवत मुळासकट उलटवलं गेलं, चर खणून दलदलीतलं पाणी काढलं गेलं. 1949 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं मलेरिया पथक तराईत काम करू लागलं, घराघरांतून डीडीटी फवारलं गेलं, आणि 1953 पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पंजाबातले शीख शेतकरी, पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं, माजी सैनिक, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले लोक, अशांना जमिनी मिळाल्या. रुद्रपूर, गदरपूर, दिनेशपूर, शक्तिफार्म ही नावं त्या काळातून वर आली. या माणसांनी सोसलेलं मी त्यांच्या मुलांकडून ऐकलं आहे: तंबूत काढलेले पावसाळे, तापाने गेलेली पोरं, रात्री शेतात शिरणारे हत्ती. त्यांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्याच वसाहतीकरणात थारू आणि बुक्सांच्या हातून जमिनी सुटत गेल्या, हेही तितकंच खरं आहे.

आता तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहा. सालिम अली आणि क्रूक यांचं संशोधन 1959 चं. 17 नोव्हेंबर 1960 रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पंतनगरच्या कृषी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने, तराईच्या सरकारी शेताच्या हजारो एकरांवर. मलेरिया हटला म्हणून अभ्यासकांना भर पावसाळ्यात तराईत राहून पिवळी पाखरं पाहता आली, आणि मलेरिया हटला म्हणूनच त्या पाखरांचं गवत नांगराखाली गेलं. अभ्यासक आणि नांगर, दोघंही एकाच रस्त्याने आले. पक्षी सापडला तो त्याचं घर मोडायला काढल्यावर.

त्या मोजक्या वर्षांत जे टिपून ठेवलं गेलं, त्याचं मोल म्हणूनच फार आहे. त्यात एक नाव मराठी आहे, आणि ते आपल्याकडे जवळजवळ विसरलं गेलं आहे. डॉ. व्ही. सी. आंबेडकर हे सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी. भारतातल्या सुगरणींवरचा त्यांचा ग्रंथ विद्यापीठाने 1964 मध्ये प्रसिद्ध केला. कुमाऊंच्या तराईत फिनच्या सुगरणीच्या विणीवर त्यांनी केलेलं काम साठीच्या दशकाअखेरीस सोसायटीच्या जर्नलमध्ये आलं. शब्दांचा फापटपसारा नसलेलं, शेतात उभं राहून लिहिल्यासारखं लेखन आहे ते. मी रोगशास्त्राचा विद्यार्थी. निरीक्षणाची नोंद कशी ठेवावी हे शिकवायला आमच्या प्रात्यक्षिकांत असला एखादा लेख हवा होता, असं ते वाचताना वाटत राहिलं.

या अभ्यासांतून जी सुगरण उभी राहिली, ती आपल्या ओळखीच्या सुगरणीसारखी वागत नाही. तिचा खोपा लोंबत नाही आणि त्याला लांब नळीही नसते. उंच फांद्यांच्या टोकाशी पक्का बांधलेला, बाहेरून ओबडधोबड दिसणारा तो गोळा असतो. पण आतून सगळाच्या सगळा अस्तर लावलेला. इतर सुगरणी तळाशी काय घालतील तेवढंच. ज्या झाडावर वसाहत करायची त्याची पानं ही पाखरं स्वतः ओरबाडून काढतात, त्यामुळे ऐन पावसाळ्यात, सगळं रान हिरवं असताना, वसाहतीची सावर उघडी पडते आणि दुरून ओळखू येते. क्रूकने पुढं आशिया-आफ्रिकेतल्या सुगरणकुळातल्या पक्ष्यांचा एकत्र विचार केला. जंगलात राहून किडे खाणाऱ्या जाती जोडीजोडीने राहतात, उघड्या गवतात बिया खाणाऱ्या जाती वसाहती करतात आणि तिथं एका नराला अनेक माद्या असतात, असं त्याने 1964 मध्ये मांडलं. प्राण्यांच्या समाजरचनेचा संबंध त्यांच्या अन्नाशी आणि अधिवासाशी जोडणाऱ्या सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते. मुंबईचेच पक्षी-अभ्यासक हुमायूँ अब्दुलाली यांनी 1960 मध्ये या सुगरणीची पूर्वेकडची उपजात वेगळी काढली आणि तिला सालिम अलींचं नाव दिलं.

पंतनगरला मात्र यातलं काही कोणी शिकवलं नाही. आम्हाला तराईची माती शिकवली. ती गोष्टही सांगायला हवी, कारण दलदल नांगरली तरी ती लगेच जात नाही. तराईत भात लावायला सुरुवात झाली तेव्हा रोपं लावणीनंतर काही दिवसांत पिवळी पडून पानांवर तांबूस, काताच्या रंगाचे ठिपके येऊ लागले. शेतकरी त्याला ‘खैरा’ म्हणत. बुरशी असेल, विषाणू असेल, असे तर्क चालले होते. पंतनगरचे यशवंत लक्ष्मण नेने यांनी 1966 मध्ये दाखवून दिलं की हा रोगच नव्हे. मातीत पिकाला मिळण्याजोगं जस्त कमी आहे. झिंक सल्फेट आणि चुना फवारला की शेत सावरतं. भातातल्या जस्ताच्या उणिवेची शेतावरची ही पहिली ओळख होती आणि तिचा फायदा पुढं जगभरच्या भातशेतीला झाला. मी गेलो तेव्हा नेने सर हैदराबादला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत गेलेले होते, पण विभागात त्यांचंच नाव निघे. खैऱ्याचा तो धडा लिहिताना माझ्या वहीत मातीचं वर्णन आहे: पाणथळ, चुनखडी, सेंद्रिय द्रव्याने भरलेली. हे सेंद्रिय द्रव्य कुठून आलं, हे वहीत नाही. शेकडो वर्षं उगवून, जळून, कुजून मातीत गेलेलं ते गवत होतं. पंतनगरचं गव्हाचं आणि भाताचं बियाणं देशभर गेलं, त्याच्या जोमामागे त्या गवताची पुंजी होती.

महसुली कागदांत त्या गवताची नोंद पडीक म्हणूनच होती. जंगल असतं तर निदान वन खातं आडवं आलं असतं. पाण्याचा तलाव असता तर कुणी मासेमारीचा हक्क सांगितला असता. ओलं गवत हे ना जंगल ना तलाव. आपल्याकडे माळरानं आणि कोकणातली खाजणं याच हिशेबात जातात, आणि मी नोकरीत असताना ‘पडीक जमीन विकास’ असं शीर्षक असलेल्या कितीतरी आराखड्यांवर चर्चा ऐकली, ज्यांत त्या जमिनीवर आज काय जगतं आहे याचा एक रकाना नव्हता. तराईतलं धान्य पिकायलाच हवं होतं, याविषयी मला शंका नाही. शेकडो मैल लांबीच्या त्या पट्ट्यात या सुगरणीसाठी म्हणून चार-दोन गवताळ तुकडे जाणूनबुजून राखता आले असते, हेही मला तितकंच स्पष्ट दिसतं. 1959 चा लेख तेव्हा छापलेला होता. कुठल्या झाडांवर, कुठल्या गवतात, कुठल्या महिन्यांत, सगळं त्यात होतं.

भातापाठोपाठ ऊस आला, मग शेतांच्या कडेने पॉपलरच्या रांगा आल्या, आणि अलीकडे पंतनगर-रुद्रपूरच्या आजूबाजूला कारखाने. जुन्या सुट्या सावरी एकेक करून गेल्या. वस्ती वाढली तसा कचरा वाढला आणि कचऱ्याबरोबर कावळे. उघड्या शेंड्यावरच्या वसाहतीला जुन्या काळी उंची आणि ओसाडपणा यांचंच संरक्षण होतं. आता कावळे घरट्यांमागून घरटी फोडून अंडी-पिल्लं नेतात, आणि हे संकट गवत जाण्याच्या खालोखाल मोठं असल्याचं अलीकडच्या पाहणीकारांनी नोंदवलं आहे. पिंजऱ्यांसाठीही या पाखरांना जाळी लावली जात. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर नव्वदीच्या उंबरठ्यावर बंदी आली, पण तोवर वसाहती तुरळक झाल्या होत्या.

आज जगात ही सुगरण भारत आणि नेपाळ एवढ्यातच आहे. आसामात मानस आणि काझीरंगाच्या बाजूला थोडी. नेपाळात शुक्लाफांट्याच्या गवतात ती 1996 मध्ये आढळली. आणि उरलेली कुमाऊंच्या तराईत, ह्यूमच्या जुन्या मुलखात. प्रौढ पक्षी हजाराच्या आत असावेत असा अंदाज आहे. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत तिचा दर्जा ‘असुरक्षित’वरून ‘संकटग्रस्त’वर गेला. सोसायटीचे रजत भार्गव यांनी गेली काही वर्षं एकेक जुनी जागा पुन्हा तपासली, आणि जिथं जिथं पूर्वी वसाहती होत्या तिथं बहुतेक ठिकाणी त्यांना ऊस किंवा घरं भेटली.

ज्या थोड्या जागा उरल्या, त्यात तराईतल्याच हरिपुरा-बौर जलाशयांचा परिसर आहे. हे जलाशय बांधले गेले ते शेताला पाणी द्यायला. त्यांच्या उथळ काठांवर पाणकणीस माजलं आणि सुगरणींनी ते धरलं. पाणी ओसरलं की त्या काठावर गुरं येतात, उन्हाळ्यात कणसं कापली जातात, जाळली जातात. मी त्या भागातल्या जुन्या वर्गमित्रांना, जे आज तिथं मोठे शेतकरी आहेत, एवढंच सुचवत असतो: मे ते सप्टेंबर त्या पट्ट्यात विळा आणि आग नको, कापणी ऑक्टोबरनंतर आणि दर वर्षी निम्म्याच काठाची, बांधावर सावर असेल तर ती तोडू नये आणि नसेल तर लावावी, कारण ती वसाहतीजोगी व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, गावातला उघडा कचरा काठापासून दूर न्यावा. यातल्या एकाने त्याच्या उसाच्या बांधावर गेल्या वर्षी सावरीची रोपं लावली आहेत, आणि पाटबंधारे खात्याकडे काठाच्या कापणीच्या तारखांसाठी अर्ज दिला आहे. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.